दुतोंड्याला पाणी कुठवर आलं? एका जोडपानाच्या चित्राच्या नोंदी

१६ जून

पुण्याच्या एका दिवाळी अंकाचं काम आलंय. जोडपान, एकरंगी, शब्द नकोत, विषय पाऊस, आणि १० ऑगस्टपर्यंत फाइल हवी. बाहेर अजून धड पाऊस सुरू नाही आणि आपण दिवाळीचं काम घेतोय, दरवर्षी हेच, दिवाळीत मात्र हातात एक काम नसतं. यावेळी नोंदी ठेवायच्या ठरवल्यात कारण गेल्या वर्षी एक चित्र बरं जमलं होतं आणि ते कसं जमलं हे आता मला अजिबात आठवत नाही, वहीत नुसते चहाचे डाग आहेत.

हिशोब आधी लिहून ठेवतो. पान ७ बाय साडेनऊ इंच, म्हणजे जोडपान १४ बाय साडेनऊ. मी दीडपट काढतो, २१ बाय सव्वाचौदा, एटू कागदात बसतं. दीडपट अशासाठी की लहान करताना हाताची थरथर झाकली जाते, पण फार मोठं काढलं की बारीक रेषा छपाईत मरतात. मायक्रॉनचं ०५ पेन ०.४५ मिमीची रेघ देतं, छापताना ती ०.३ वर येते, तिथपर्यंत ठीक. ०१ ची पाव मिमीची रेघ ०.१७ होते आणि मग ती उठणार की नाही ते प्रेसवाल्याच्या मूडवर. मागे एका अंकात माझं अख्खं क्रॉसहॅचिंग, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची छाया, बुजून डांबर झालं होतं. नाव घेत नाही, पैसे वेळेवर दिले होते त्यांनी.

२१ जून

काडेपेटीएवढे चौकोन आखून २२ कल्पना काढल्या. उलटी झालेली छत्री, खड्ड्यात गळ टाकून बसलेला माणूस, रेनकोट घातलेला बेडूक, गळकं छप्पर आणि खाली ठेवलेली पातेली. सगळ्या काढून झाल्यावर पहिल्या दहांवर काट मारली, ही माझी जुनी सवय, कारण पहिल्या दहा कल्पना आपल्या नसतातच, त्या हवेत असतात, आपल्या आधी शंभर जणांनी काढलेल्या. मग उरलेल्या बारा बघितल्या. त्यांच्यावरही काट.

शब्द नकोत म्हटलं की शि. द. फडणीस आठवतात. आमच्या पिढीने त्यांची चित्रं गणिताच्या पुस्तकात बघितलेली, गणित नाही आलं पण चित्र कळायचं. बिनशब्दाचं चित्र म्हणजे त्यात एकच गोष्ट हवी आणि ती बघणाऱ्याने स्वतः शोधल्यासारखी वाटली पाहिजे. हे लिहायला सोपं आहे.

२६ जून

मिळालं बहुतेक. आणि मिळालं ते आमच्या किचनमध्ये.

दोन दिवस धो धो चालूये. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, टीव्हीवर पट्टी फिरत होती, आणि आई ठाण्याच्या मावशीशी फोनवर बोलत होती. "अगं दुतोंड्याला इथपर्यंत आलंय!" (दुतोंड्या म्हणजे आमच्या नाशिकच्या नदीपात्रातला मारुती) असं म्हणत तिनं डावा हात आडवा करून स्वतःच्या गळ्याला लावला. मावशी ठाण्यात. साधा फोन, व्हिडिओ नाही. मावशीला काय दिसणार होतं? पण तिकडून मावशी म्हणाली असणार अगं बाई, कारण आई म्हणाली, "नाहीतर काय, आणि अजून सोडणारेत."

मी भाजी चिरत होतो, सुरी ठेवली आणि विजेच्या बिलाच्या पाकिटावर काढून ठेवलं. पंधरा सेकंद लागले असतील. चार सेंटिमीटरची बाई, पाच-सहा फटकाऱ्यांत, एक टाच जरा उचललेली, उजव्या कानाला फोन, डावा हात गळ्याला.

(आई दहा हजार क्युसेक सोडलं हे कुणीतरी दहा हजार रुपये सोडल्यासारखं सांगते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दहा हजार म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. हे तिला सांगितलं तर म्हणाली, मग नळाला का येत नाही.)

२७ जून

नाशिकबाहेरच्यांसाठी हे समजावून सांगावं लागणार ही पहिली अडचण. आपल्याकडे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पण आम्ही गंगाच म्हणतो, रामकुंडाजवळ पात्रात दुतोंड्या मारुती उभाय. पुढून पण मारुती मागून पण मारुती. पूर आला की अख्खं शहर त्याच्या अंगावर पाणी मोजतं. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, मग गळा, आणि डोकं बुडालं की सराफ बाजार आणि भांडी बाजारवाले दुकानं आवरायला पळतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बुडाला होता, २०१९ ला पण. सरकारी मोजमाप होळकर पुलापाशी होतं, क्युसेकमध्ये, पण फोनवर कोणी क्युसेक सांगत नाही, कमरेला आलंय एवढंच सांगतात आणि समोरच्याला सगळं कळतं.

तर चित्र असं. पूर बघायला आलेली गर्दी, मागे मारुती कमरेएवढ्या पाण्यात. गर्दीतला प्रत्येक जण फोनवर, आणि प्रत्येकाचा हात स्वतःच्या अंगावर वेगळ्याच उंचीला. कुणाचा गुडघ्याला, कुणाचा छातीला, एकाचा डोक्याच्या वर. पाणी एकच, बातम्या पन्नास. शब्द लागत नाहीत.

पहिला मोठा रफ पाऊण तासात झाला, ४बी पेन्सिल, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. मध्ये मारुती, दोन्हीकडे गर्दी, डाव्या बाजूला पुढे ती काकू, पाकिटावरून बघून परत काढली, तशीच आली. मस्त वाटलं. असं वाटलं की मला काळजी वाटायला लागते.

२ जुलै

गंगेवर जाऊन बसलो. एरवी बुधवारी इथं आठवडे बाजार असतो, आज पाणी वर आल्यामुळे भाजीवाल्या बायका वरच्या रस्त्यावर सरकून बसलेल्या, गुरुजींच्या छत्र्या पण वर. मारुतीला गुडघ्याच्या जरासं वर. एका दुकानाच्या पायरीवर टेकून दोन तास स्केचिंग, छोटी वही, बॉलपेन, कारण पावसात शाईचं पेन काढणं म्हणजे येडेपणा.

घरी बसून सुचलं नसतं असं बरंच दिसलं, नाहीतर विसरेन म्हणून लिहितोय. ओली छत्री मिटल्यावर कुणी धरत नाही, सगळे ती दोन गुडघ्यांत दाबतात, कारण दोन्ही हात फोनला लागतात. पूर बघणारी माणसं ताठ उभी राहत नाहीत, मान पुढे आणि पोट मागे, पाणी आपल्याला हाक मारेल म्हणून कान दिल्यासारखी. नवरे बायकांना मागे ओढतात आणि स्वतः एक पाऊल पुढे टाकतात. पोलीस हात आडवा करून लोकांना मागे सारत होता आणि त्याचा तो आडवा हात नेमका छातीच्या उंचीला, म्हणजे नकळत तो पण पाणी दाखवतोय! हे थेट चित्रात.

शेजारी एक आजोबा येऊन उभे राहिले. वहीत डोकावले. "हे काय पाणीये का, एकोणसत्तरला बघायला पाहिजे होतं," म्हणाले आणि हात सरळ डोक्याच्या वर, चवड्यांवर उभे राहून. जितकं जुनं पाणी तितका हात वर जातो असं दिसतंय. आजोबा पण चित्रात.

चहावाला म्हणे, "काय भो, आमचं पण काढा की." काढलं. त्याचा हात कुठंच नव्हता, दोन्ही हातात ग्लास. गर्दीत एक तरी माणूस कामात असलेला पाहिजे, डोळ्याला तिथं टेकायला जागा मिळते.

७ जुलै

गाढवपणा. मारुती बरोब्बर मध्यभागी काढलाय आणि जोडपानाच्या बरोब्बर मध्यभागी बाइंडिंग असतं. अंक परफेक्ट बाइंडिंगचा, पाठीला डिंक लावून चिकटवलेला, सपाट उघडतच नाही, दोन्ही बाजूंचे सात-आठ मिमी घडीत गिळले जातात. म्हणजे मारुतीचा तिसराच अवतार झाला असता. वीस वर्षं हे काम करतोय आणि तरी.

मारुती डाव्या पानावर, डाव्या कडेपासून एक तृतीयांशावर सरकवला. खरं तर बरंच झालं, मध्ये होता तेव्हा चित्र देवाच्या कॅलेंडरसारखं दिसत होतं. घडीत आता फक्त पाणी आणि एक विजेचा खांब. पण सगळी गर्दी आता उजवीकडून डावीकडे बघणार, आणि काकू डाव्या पानावर मारुतीच्या पलीकडे अडकली. तिला उजव्या पानावर आणायचं आणि तोंड डावीकडे करायचं. बघू.

१२ जुलै

एटूवर पूर्ण पेन्सिल, निळ्या पेन्सिलीनं. निळी अशासाठी की स्कॅन केल्यावर ब्लू चॅनेलमध्ये फिका निळा जवळपास पांढरा होतो, खोडत बसावं लागत नाही. ४३ माणसं, एक कुत्रा, एक कणीसवाली.

सगळं जागेवर आहे, आणि काकू मेलीये.

म्हणजे काय ते नीट लिहायचा प्रयत्न करतो. पाकिटावरची काकू चार सेंमी, इथली अकरा. हात तिथंच, फोन तिथंच, टाच तितकीच उचललेली. पण पाकिटावरची बोलतीये आणि ही फोटो काढून घेतीये. पाठीची रेषा मानेपासून टाचेपर्यंत एका झटक्यात आली होती, इथं मी ती सहा तुकड्यांत विचार करून काढली, इथं खांदा, इथं कंबर. प्रत्येक तुकडा बरोबर आणि पूर्ण रेषा चूक. रफ काढताना रेषा काहीतरी शोधत असते, फेअर करताना तीच रेषा पाठ केलेलं म्हणून दाखवते. हे मला काही आज कळलेलं नाही पण दरवेळी त्याच दगडाला ठेच.

१५ जुलै

काकू प्रयोग १. पाकीट ६०० डीपीआयला स्कॅन केलं, पावणेतीनपट मोठं केलं, फिकं प्रिंट काढलं आणि लाइटबॉक्सवर ठेवून निबनं गिरवलं. (लाइटबॉक्स म्हणजे जुन्या शोकेसची काच, खाली एलईडी ट्यूब, दोन्हीकडे पुस्तकांच्या थप्प्या.) आकार हुबेहूब. जीव नाही. गिरवताना डोळा खालच्या रेषेवर असतो, आपण तिच्या मागे मागे चालतो, कुठं जायचंय ते आपल्याला माहीत नसतं.

प्रयोग २. पाकिटावरचीच पेन्सिल स्कॅन करून, गडद करून वापरावी का? पेन्सिलीचा दाणेदार काठ बाकीच्या शाईच्या कामाशेजारी भलताच दिसतो, काकू दुसऱ्या चित्रातून चालत आल्यासारखी. रद्द.

१६ जुलै

आज काही नाही केलं. म्हणजे एका शाळेच्या मासिकाची तीन चित्रं केली, त्यातली सगळी जिवंत आली, कारण त्यांची मला पडलेलीच नव्हती.

२० जुलै

काकू प्रयोग ३. उभा राहून काढली. टेबलावर झुकून, खुर्ची बाजूला सरकवून, पातळ स्वस्तातला लेआउट पेपर, पेन्सिल नाही, खाली काही नाही, समोर भिंतीला ते पाकीट चिकटवलेलं. दोन नंबरचा ब्रश. छोटं चित्र मनगटातून येतं, अकरा सेंमीचं मनगटातून येतच नाही, कोपरातून यावं लागतं आणि बसून काढताना माझं कोपर टेबलाला चिकटलेलं असतं. आठवडाभर हा साधा मुद्दा डोक्यात आला नाही.

नियम एकच ठेवला, पाठीची रेषा आधी, एका श्वासात, मान ते टाच. ती बिघडली तर कागद बाजूला, दुरुस्ती नाही. १७ काकू झाल्या. पहिल्या तीन घाबरलेल्या. नववी चांगली होती पण तिचा हात गळ्याऐवजी हनुवटीला लागला आणि ती दात दुखत असल्यासारखी दिसायला लागली. बारानंतर मी हुशारी दाखवायला लागलो, पदराला उगाच वळणं वगैरे, आणि प्रत्येक पुढची आधीपेक्षा वाईट. सगळ्या जमिनीवर पसरून ठेवल्या आणि बायकोला विचारलं, तिनं चहा पिता पिता बोट दाखवलं. सहावी. माझीही तीच होती, पण मी स्वतःहून सतरावीच निवडली असती कारण ती शेवटची होती आणि तिच्यावर कष्ट जास्त झाले होते.

म्हणजे काकू आता वेगळ्या कागदावर. स्कॅन करून कॉम्प्युटरवरच चित्रात बसवायची. तोंड उजवीकडे आहे, ते तिथं फिरवता येईल.

वेळ: तीन तास. त्यातले खरे कामाचे पाच मिनिटं असतील.

२३ जुलै

इंकिंग, म्हणजे पेन्सिलीवर शाई, सुरू. आणि सुरू केल्या केल्या घोळ, कागद सादळलाय. चार दिवस ऊन नाही, घरातले पापड नरम, मीठ ओलं, मग कागद कसा सुटेल. निब टेकवली की शाईला बारीक मिशा फुटतात. आधी मला वाटलं शाई पातळ झाली, मग दुसऱ्या कोरड्या कार्डावर ओढून बघितलं तर स्वच्छ रेघ. म्हणजे दोष कागदाचाच. इस्त्री अगदी कमी गरम करून, वर जुनी साडी टाकून मागच्या बाजूनं फिरवली, मग टेबललॅम्प कागदाच्या अगदी जवळ आणून ठेवला, साठ वॉटचा जुना बल्ब, एलईडीचा इथं उपयोग नाही, त्याला ऊबच नसते. अर्ध्या तासात काम करण्यालायक झालं.

पण त्याआधी कुत्रा गेला होता. खालच्या कोपऱ्यातला कुत्रा मी पहिला इंक केला, सरावाला म्हणून, आणि त्याच्या पोटाखालची शाई पसरत पसरत अर्ध्या अंगापर्यंत चढली. पांढऱ्या रंगानं झाकणार होतो. पोरगी शाळेतून आली, म्हणाली, "बाबा, हा भिजलाय ना इथपर्यंत?"

झाकलं नाही. उलट पसरलेल्या शाईचा वरचा काठ ब्रशनं सरळ केला. सगळ्या गर्दीत पाण्यात जाऊन आलेला हा एकटाच आणि त्याच्याच अंगावर खरी रेघ. आजूबाजूला ४३ जण हवेत हात धरून उभे. हे मी ठरवून केलं असं कुणी विचारलं तर सांगणार आहे.

२५ जुलै

गर्दी, डावं पान. पुढची माणसं ब्रशनं, मधली निबनं, मागची ०३ पेननं. जाड रेषा पुढे येते, बारीक मागे जाते, एकरंगी चित्रात खोली दाखवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय. मागच्या माणसांना डोळे नाहीत, नुसतं नाक आणि हात. हात मात्र सगळ्यांना नीट पाच बोटांचा, कारण विनोद हातात आहे.

२८ जुलै

पाणी. आज फक्त पाणी, आणि पाण्याबद्दलच लिहितो कारण तीन वेळा फसलो.

पुराचं पाणी काढायला गेलं की समुद्र होतो. पहिल्यांदा लाटा काढल्या, खवल्यांसारख्या, मारुती एकदम चौपाटीवर आल्यासारखा दिसायला लागला. हे सगळं ट्रेसिंग पेपरवर, मूळ कागदावर नाही, तेवढी अक्कल आहे. दुसऱ्यांदा आडव्या समांतर रेषा, तर तलाव झाला, शांत, बोटिंगला यावं असा. मग पुलावर काढलेले मोबाइलचे व्हिडिओ अगदी हळू करून बघितले. पुराच्या पाण्याला लाट नसतेच. वरून ते जवळपास सपाट असतं, चहाच्या रंगाचं, जड, आणि त्याचा वेग कळतो तो फक्त मध्ये काही आलं की. खांब, पायरी, मूर्ती. अडथळ्याच्या वरच्या बाजूला पाणी फुगतं, खालच्या बाजूला खळगा पडतो आणि तिथून इंग्रजी व्ही सारख्या दोन रेघा लांब निघतात.

म्हणून तिसऱ्यांदा पाणी जवळजवळ कोरंच सोडलं. मारुतीच्या कमरेपाशी फुगवटा, मागे दोन लांब रेघा, विजेच्या खांबापाशी तसंच, आणि वाहत चाललेल्या चार गोष्टी, एक नारळ, एक प्लास्टिकची खुर्ची, झेंडूची माळ, एक चप्पल. खुर्ची तिरकी काढली तेव्हा पाणी पळायला लागलं. बाकी सगळा कोरा कागद, आणि बुजायला काही नाही म्हणून प्रेसवाला पण खूश.

मारुती स्वतः अगदी साधा ठेवला, ठळक बाहेरची रेषा आणि थोडी छाया, चेहऱ्यावर काही गंमत केली नाही. एक रफ होता त्यात तो वैतागून लोकांकडे बघत होता, हसू आलं असतं, पण मग चित्र त्याचं झालं असतं. त्याला मोजायचंय, बस.

१ ऑगस्ट

स्कॅनिंग. माझा स्कॅनर एफोर, चित्र २१ बाय सव्वाचौदा, म्हणजे चार तुकडे, मध्ये दोन-सव्वादोन इंच एकमेकांवर. ६०० डीपीआय, पूर्ण चित्र १२,६०० बाय ८,५५० पिक्सेल, लॅपटॉपनं आह भरली. छापताना चित्र दोन तृतीयांश होणार म्हणजे प्रत्यक्षात ९०० पडतात, रेषाचित्राला पुरे.

मोठा कागद छोट्या स्कॅनरवर ठेवला की कडेला चौकटीवर चढतो, काचेपासून उचलला जातो आणि तिथं राखाडी पट्टा येतो. वर डिक्शनरी ठेवली, त्यावर तांदळाचा डबा. आई म्हणाली अभ्यास चाललाय का स्वयंपाक. मग ब्लू चॅनेल, लेव्हल्स, थ्रेशोल्ड, म्हणजे कुठला राखाडी काळा धरायचा आणि कुठला पांढरा ती हद्द. थ्रेशोल्ड जास्त कडक केला तर आजोबांच्या सुरकुत्या जातात आणि ते चाळिशीचे दिसतात, सैल ठेवला तर कागदाचे ठिपके पावसासारखे येतात. विषय पाऊस आहे म्हणून तेवढं चालत नाही.

४ ऑगस्ट

काकू बसवली. सहाव्या नंबरची, आडवी उलटवून, तोंड डावीकडे, उजव्या पानावर पुढे. सुंदर बसली. पूर्ण चित्राचं एथ्री प्रिंट काढून फ्रिजवर लावलं आणि झोपलो.

सकाळी आई फ्रिजसमोर. चष्मा लावून बघतीये. मला वाटलं स्वतःला ओळखलं. म्हणाली, "ही गुजराती आहे का?"

"का?"

"पदर उजव्या खांद्यावर घेतलाय तिनं."

मी बघतच राहिलो. अर्थात. उलटवली की पदर उलटला, फोन डाव्या कानाला गेला, हात उजवा झाला. दोन दिवस ते चित्र ८०० टक्क्यांवर बघतोय, ठिपका न ठिपका साफ केलाय आणि हे दिसलं नाही. दिवाळी अंक उघडणाऱ्या प्रत्येक मराठी बाईला अर्ध्या सेकंदात दिसलं असतं.

आता? नवीन काढायची म्हटलं तर परत सतरा. नुसता पदर बदलायचा म्हटलं तर ती पाठीची रेषा पदरातूनच जाते.

५ ऑगस्ट

उत्तर इतकं सोपं निघालं की लाज वाटते. काकूला परत सरळ केलं. तोंड उजवीकडे, उजव्या पानावरच. म्हणजे सगळी गर्दी डावीकडे मारुतीकडे बघतीये आणि काकू पुराकडे पाठ करून उभी, बोलण्यात गुंग, हात गळ्याला. तिनं पाणी बघितलेलंच नाही! जूनपासून जे चित्र करतोय त्यापेक्षा हे चांगलं आहे.

आईला दाखवलं. "बरोबर आहे," म्हणाली, "मी तरी कुठं बघायला गेले होते, टीव्हीवर तर बघितलं." म्हणजे तिनं ओळखलं होतं तर.

पोलिसाला थोडं मागे सरकवावं लागलं, तिच्या कोपराशी भिडत होता. काकूच्या भोवती दोन मिमी कोरी जागा सोडली, गर्दीत नजर आधी तिच्यावर जाईल इतपतच.

८ ऑगस्ट

फाइल गेली, दोन दिवस आधी, हे माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा. टिफ, निव्वळ काळा, सोबत संपादकांना सूचना की काळा चार रंगांचा करू नका, एकाच काळ्या शाईत छापा. एकरंगीत हे सांगायला लागू नये पण लागतं.

११ ऑगस्ट

संपादकांचा फोन. चित्र आवडलं, खूप आवडलं, पण खाली एक ओळ टाकूया का, नाशिकबाहेरच्या वाचकांना कळायला. मी म्हटलं, सर, तुम्हीच शब्द नकोत म्हणाला होतात. ते म्हणाले हो पण आर. के. लक्ष्मणांचा कॉमन मॅन आयुष्यभर गप्प राहिला तरी खाली ओळ असायचीच ना. मुद्दा बरोबर होता म्हणून जास्त राग आला. दहा मिनिटं घासाघीस. शेवटी अनुक्रमणिकेत माझ्या नावापुढे 'दुतोंड्या मारुती, नाशिक' एवढं जाणार, चित्राखाली काही नाही. ज्याला हवं तो शोधेल. मानधन अंक आल्यानंतर, म्हणजे कधी ते विचारलं नाही.

कुत्र्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही सांगितलं नाही.

१४ ऑगस्ट

पानांचं प्रूफ आलं पीडीएफमध्ये. घडीत फक्त पाणी आणि खांब, काकू शाबूत. टेबल आवरलं, निबा धुतल्या, उरलेल्या सोळा काकू फायलीत. त्यातली नववी, दातदुखीवाली, आईनं मागून घेतली, मावशीला दाखवायची म्हणून. मी म्हटलं, व्हिडिओ कॉल कर मग. तिनं लावला, मावशीनं उचलला, आणि आईनं एका हातात चित्र समोर धरलं आणि फोन कानाला लावला.